ई जे के बी एच: एका स्मरणिकेच्या प्रुफाचं प्रकरण

प्रकरण इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं. अंक साधारण ऐंशी पानांचा, गणेशोत्सवात वाटायचा. मजकूर जमवण्यापासून प्रेसला फाइल देण्यापर्यंतचा सगळा भार शाळेतून निवृत्त झालेल्या एका काकूंवर. काकू संगणकाला बिचकणाऱ्या नव्हेत. नोकरीत असताना प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रकं त्या स्वतः वर्डमध्ये करत. फाइल गेली, प्रूफ आलं आणि ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या. अक्षरजुळणी हा माझा धंदा, शिवाय मंडळाची वर्गणी मीही भरतो.

प्रुफात चार घोटाळे होते. मंडळाच्या एका संस्थापकांचा गिरणीतल्या नोकरीवरचा लेख, जो रौप्यमहोत्सवी अंकातून पुन्हा घेतला होता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला होता. देणगीदारांचा तक्ता मोडून नावं एकीकडे आणि रकमा भलतीकडे सरकल्या होत्या. एका कवितेच्या दोन कडव्यांच्या मधोमध कवयित्रीचा मोबाइल नंबर, तारीख आणि वेळ छापली होती. आणि गेल्या वर्षी वारलेल्या अध्यक्षांवरची श्रद्धांजली अंकात नव्हतीच. तिच्या जागी एका जाहिरातदाराच्या दुकानाचं नाव होतं, मोठ्या कोऱ्या पानावर एकटंच.

प्रेसवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: "मॅडम, जैसी फाइल आई, वैसी लगा दी." ते खरंही होतं. काकूंना व्हायरसचा संशय, सचिवांना काकूंचा. मी फाइल उघडून पाहिली तेव्हा व्हायरस कुठेच नव्हता. चारही गोष्टी कॉपी-पेस्ट करताना झाल्या होत्या, आणि त्यातल्या दोन तर एकाच फटक्यात.

शेवटच्या संध्याकाळचा सल्ला

फाइल पाठवायच्या संध्याकाळी काकूंनी पुण्याच्या भाच्याला फोन केला होता. पंचवीस-तीस जणांकडून आलेलं लेखन. कुणाचं ई-मेलमधून, कुणाचं व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणाचं जुन्या सीडीवरून. प्रत्येकाचं अक्षर वेगळं, आकार वेगळा, काही परिच्छेदांमागे करडा रंग. भाचा म्हणाला, "मावशी, एक कोरी फाइल उघड. जुन्यातलं सगळं सिलेक्ट कर, कॉपी कर आणि नव्यात राइट क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' कर. सगळं एकसारखं होऊन जाईल."

भाचा कंपनीत इंग्रजी कागद हाताळतो, आणि तिथे हा सल्ला लाख मोलाचा आहे. मराठी फाइलीत, त्यातही मध्य प्रदेशातल्या मराठी फाइलीत, तो अर्धाच लागू पडतो. का, ते कळायला कॉपी केल्यावर आत काय होतं ते पाहावं लागेल.

आपल्याला वाटतं कॉपी केलं म्हणजे मजकूर उचलला. वर्ड मात्र त्याच मजकुराची अनेक रूपं विंडोजपुढे ठेवतो: एक नुसत्या अक्षरांचं, एक आरटीएफ म्हणजे फॉन्ट-आकार-तक्त्यांसकट, एक वेबपानासारखं एचटीएमएल, आणखीही काही. पेस्ट करताना घेणारा प्रोग्रॅम त्यातलं त्याला झेपेल ते उचलतो. नोटपॅडला फक्त अक्षरं कळतात, म्हणून वर्डमधला सजवलेला मजकूर तिथे उघडाबोडका होऊन पडतो. ही रूपं सगळी आधी तयार करून ठेवलेली असतात असंही नाही. बऱ्याचदा वर्ड नुसतं वचन देतो आणि कुणी मागितलं की रूप बनवतो. मोठा मजकूर कॉपी करून वर्ड बंद करायला गेलं की क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, बराच मजकूर आहे, नंतरही हवा का, असा प्रश्न येतो तो यामुळेच. दुकानाचं शटर पाडण्याआधी उधारी चुकती करावी तसं.

वर्डमध्येच पेस्ट करायचं असेल तर निवड आपल्याकडे असते. पेस्ट केल्यावर शेजारी जी छोटी पाटी येते तिच्यात मुख्यतः तीन पर्याय दिसतात. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' म्हणजे मजकूर आला तसा, त्याच्या फॉन्टसकट. 'मर्ज फॉरमॅटिंग' म्हणजे ठळक-तिरपं राहील, पण फॉन्ट नव्या जागेचा. 'कीप टेक्स्ट ओन्ली' म्हणजे अक्षरं तेवढी. यातलं न विचारता कुठलं लागू व्हावं ते ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर ठरवून ठेवता येतं, त्याच फाइलीतून पेस्ट, दुसऱ्या फाइलीतून, दुसऱ्या प्रोग्रॅममधून, असं वेगवेगळं. म्हणून एकाच कंट्रोल-व्हीचा परिणाम दोन लॅपटॉपवर दोन तऱ्हेचा दिसू शकतो.

काकूंनी तिसरा पर्याय घेतला. देणगीदारांचा तक्ता तिथेच मोडला. नुसत्या अक्षरांत तक्ता नावाची गोष्ट नसते, रकान्यांच्या जागी टॅब येतात, आणि लांब नावाच्या पुढचा टॅब पुढच्या थांब्यावर उडी मारतो. छायाचित्रंही गळली होती, पण ती प्रेसला वेगळी पाठवलेली असल्यानं कुणाच्या लक्षात आलं नाही. तक्ता जुन्या फाइलीतून 'कीप सोर्स'नं पुन्हा आणला आणि तो विषय मिटला.

लेखाचं काय झालं

रौप्यमहोत्सवी अंक ज्या काळात निघाला तेव्हा मराठी टाइप करून घ्यायचं म्हणजे कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात जायचं. तिथे दिवसभर हिंदी शपथपत्रं चालायची, ती कृतिदेवमध्ये. मराठी लेखही त्याच फॉन्टात व्हायचे. कृतिदेवची मांडणी रेमिंग्टनच्या हिंदी टंकयंत्रावर बेतलेली, त्यामुळे जुन्या टायपिस्टांचा हात त्यावर आपोआप चालतो.

आता त्यातली गोम. कृतिदेवमध्ये फाइलीच्या पोटात देवनागरी नसतेच. पोटात इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. 'मराठी' हा शब्द तिथे ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवलेला असतो. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट लागलेला असेपर्यंत 'मराठी' दिसतं. फॉन्ट काढला की ई जे के बी एच. काकूंच्या प्रुफात नेमकं तेच छापलं होतं.

युनिकोड या अक्षरांना क्रमांक देण्याच्या जागतिक पद्धतीत असं होत नाही, कारण तिथे 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोजबरोबर मंगल फॉन्ट येऊ लागला तो २००० च्या आसपास. पण टायपिंगच्या दुकानांची सवय इतक्या लवकर जात नाही. आज मध्य प्रदेशच्या सीपीसीटी या संगणक-टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेत हिंदी टंकलेखन युनिकोडमध्ये घेतात, तरी कचेऱ्यांमधून आणि दुकानांमधून कृतिदेवच्या फाइली अजून फिरताहेत.

म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या युनिकोड कवितेला 'टेक्स्ट ओन्ली' केलं तर तिचं काही बिघडत नाही, उलट ती साफ होते. तेच कृतिदेवच्या लेखाला केलं तर अक्षरं सगळी शाबूत राहतात, पण ती कशी वाचायची याची एकमेव खूण गेलेली असते. 'मर्ज फॉरमॅटिंग'नंही हेच होतं; तिथे फॉन्ट नव्या जागेचा लागतो.

काही हरवलेलं नव्हतं, हे प्रेसवाल्यांना आमच्या आधी कळलं होतं. काकूंनी फोनवर ओरडा केल्यावर त्यांनी ती पानं सिलेक्ट करून कृतिदेव लावला आणि लेख जिवंत झाला. "लो मॅडम, आ गया." आलाही होता, जवळजवळ. संस्थापकांच्या नावापुढे त्यांची पदवी इंग्रजी अक्षरांत होती, बी.ए. मूळ फाइलीत तेवढ्या अक्षरांना वेगळा, इंग्रजी फॉन्ट होता. आता त्यांच्यावरही कृतिदेव चढला आणि छापून आलं: ठण्।ण्. मोठा बी म्हणजे ठ, टिंब म्हणजे पाय मोडका ण, मोठा ए म्हणजे दंड. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली तेव्हाच्या आठवणी सांगणाऱ्या लेखात गिरणीच्या खात्यांची नावंही इंग्रजीत होती. त्यांचीही अशीच दशा.

मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. मिश्र फाइलीत कुठली अक्षरं खरोखर इंग्रजी आणि कुठली देवनागरीचं सोंग घेतलेली, हे सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे फॉन्ट. कॉपी-पेस्टमध्ये तो आधी पुसला तर नंतर कृतिदेवचं युनिकोड करणारा कितीही हुशार कन्व्हर्टर आणा, त्याला बी.ए. आणि ठण्।ण् यांतला फरक कळायचा मार्ग उरत नाही. म्हणून क्रम उलटा हवा: आधी फॉन्ट जपून पेस्ट, मग रूपांतर, आणि साफसफाई सगळ्यात शेवटी.

सीडीवरची मूळ फाइल सुदैवानं होती. ती उघडून वर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड फाइंडमध्ये शोधायचा मजकूर रिकामा ठेवला, फॉरमॅटमधून फॉन्ट कृतिदेव निवडला आणि मुख्य मजकुरात शोधायला सांगितलं. त्या फॉन्टातले सगळे तुकडे एकदम निवडले गेले. त्यांना पिवळा रंग दिला. रंगाविना जे उरलं ते इंग्रजी. ते काकूंनी वहीत टिपून घेतलं, पानागणिक, शाळेत पेपर तपासावेत तसं लाल पेननं. मग एकेक पिवळा परिच्छेद कन्व्हर्टरमधून युनिकोड करून नव्या फाइलीत 'टेक्स्ट ओन्ली'नं उतरवला.

तरी वाचणं चुकलं नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते. 'गिरणी'ची सुरुवात एफनं, म्हणजे वेलांटीनं होते आणि ग नंतर येतो. रफार तर अक्षराच्या मागून येतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण मोठ्या जोडाक्षरापुढे कधी कधी वेलांटी मध्येच अडकते. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या'तला तो आखूड र मराठीचा. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला त्याचं सोयरसुतक नाही. भरीला हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ऱ वापरून आणि एक साध्या र-हलन्ताला न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे, पण फाइंडमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. काकूंनी एकदा सगळीकडे बदललेलं 'कर्मचाऱ्यांचा' शेवटच्या पानावर तसंच राहिलं ते त्यामुळे.

कविता आणि श्रद्धांजली

कवितेतला नंबर ही फार छोटी गोष्ट, पण त्याचा त्रास सगळ्यात जास्त झाला असता. अंक घरोघरी जाणार होता. कवयित्रीनं दोन कडवी दोन मेसेजमध्ये पाठवली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज कॉपी केला तर नुसता मजकूर येतो. एकाहून जास्त निवडून कॉपी केले की प्रत्येकाआधी चौकटी कंसात तारीख-वेळ आणि पुढे पाठवणाऱ्याचं नाव येतं, आणि नाव सेव्ह नसेल तर नंबर. ठळक करण्यासाठी टाकलेल्या चांदण्याही मजकुराबरोबर येतात. काकूंना सांगितलं, एक मेसेज एकदा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय म्हणजे नंतर सगळ्या फाइलीत चौकटी कंस शोधत बसणं.

श्रद्धांजलीचं प्रकरण सगळ्यांना माहीत असलेलं, तरी रोज कुठे ना कुठे घडणारं. काकूंनी ती स्वतःच अंकाच्या शेवटाकडे टाइप केली होती. मग ठरलं की पुढच्या पानांत घ्यायची. त्यांनी ती कट केली, वर जायला निघाल्या, तेवढ्यात एका जाहिरातदाराचा फोन: "काकू, दुकानाचं नाव चुकलंय बरं का." ई-मेलमधून बरोबर नाव कॉपी करून त्यांनी जाहिरातीत टाकलं आणि मग श्रद्धांजलीच्या जागी येऊन कंट्रोल-व्ही दाबलं. विंडोजचा क्लिपबोर्ड एका वेळी एकच नग ठेवतो; दुकानाचं नाव आलं तशी श्रद्धांजली गेली. तिथल्या तिथे कंट्रोल-झेड केलं असतं तर परत आली असती. पण फाइल सेव्ह करून बंद झाली होती, आणि बंद केल्यावर मागे जाता येत नाही. शेवटी ती सापडली काकूंच्या पाठवलेल्या ई-मेलमध्ये. आदल्या आठवड्यात कच्चा मसुदा त्यांनी सचिवांना धाडला होता. सचिवांनी तो उघडलाच नव्हता, ते सोडा.

कट हा शब्द आणि त्याची वागणूक कुठून आली हे सांगितलं तेव्हा काकूंचा राग जरा कमी झाला. १९७०च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' नावाच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा वर्ड प्रोसेसर केला, तो जिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकासाठी. तिथले संपादक हस्तलिखित खरोखर कात्रीनं कापून गोंदानं चिकटवत. आमच्याकडेही ऑफसेटच्या दिवसांत प्रेसमध्ये पेस्टिंग करणारा माणूस वेगळा असायचा. ब्रोमाइडची, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटो-कागदाची, पट्टी कापायची आणि शीटवर डकवायची. कापलेली पट्टी टेबलावर पडलेली तरी दिसायची. क्लिपबोर्डवरची दिसत नाही, सगळी अडचण तिथे आहे.

ती दिसेल अशी सोय आहे. वर्डच्या होम पट्टीवर क्लिपबोर्ड गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबला की बाजूला एक फळी उघडते आणि तिच्यात २४ नग साठतात. पंचविसावा आला की पहिला बाहेर. ऑफिसचे प्रोग्रॅम सगळे बंद केले की शेवटचा नग तेवढा उरतो. विंडोजची स्वतःची यादी वेगळी: २०१८च्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून विंडोज-व्ही दाबलं की २५ नगांपर्यंतचा इतिहास दिसतो. आधी तो चालू करावा लागतो, आणि पिन न केलेलं सगळं संगणक पुन्हा सुरू केल्यावर जातं. काकूंच्या लॅपटॉपवर तो बंद होता. मी चालू करून दिला, पण दुकानातल्या किंवा कचेरीतल्या संगणकावर करू नका असंही बजावलं. कुणाचा आधार क्रमांक, कुणाचा पासवर्ड त्या यादीत पडून राहतो आणि पुढचा माणूस विंडोज-व्ही दाबून वाचतो.

माझं मत विचाराल तर मजकूर हलवायला क्लिपबोर्ड वापरूच नये. मजकूर निवडा, एफ-दोन दाबा, हव्या त्या जागी जाऊन एंटर दाबा. वर्ड तो तिथे नेतो आणि क्लिपबोर्डला हातही लागत नाही. एखादा परिच्छेद थोडाच वरखाली करायचा तर आल्ट-शिफ्ट धरून वर-खालचा बाण पुरतो. लांब जायचं असेल तर कॉपी करा, पेस्ट झालेलं डोळ्यांनी पाहा आणि मग मूळ जागचं खोडा.

देणगीदारांच्या उशिरा आलेल्या नावांसाठी मात्र वर्डमधली एक जुनी, फारशी कुणी वापरत नाही अशी सोय कामी आली. तिचं नाव स्पाइक, म्हणजे दुकानात बिलं खोचायची सळई. कंट्रोल-एफ-तीन दाबत गेलं की निवडलेला प्रत्येक तुकडा उचलून सळईवर चढतो, एकाखाली एक. कंट्रोल-शिफ्ट-एफ-तीन दाबलं की सगळे एकदम उतरतात आणि सळई रिकामी. पाच-सहा ई-मेल एका फाइलीत ओतून काकूंनी नावं अशीच एकत्र केली. हे त्यांना इतकं आवडलं की मंडळाच्या सभेची टिपणं आता त्या अशाच लावतात.

प्रेसला दुसऱ्यांदा वर्डची फाइल दिलीच नाही. प्रेसचं कोरलड्रॉ, म्हणजे पानं लावायचं सॉफ्टवेअर, जुनं. त्यात युनिकोडची जोडाक्षरं मोडतात, आणि प्रेसच्या भैयाला सगळं परत कृतिदेवमध्ये हवं होतं. वर्डमधूनच फॉन्टसकट पीडीएफ करून दिली आणि दुरुस्त्या आमच्याकडेच ठेवल्या. "फिर हम करेक्शन कैसे लगाएँगे?" या प्रश्नावर काकू म्हणाल्या, "आप मत लगाइए." जुन्या सीडीवरच्या बाकीच्या लेखांच्या फाइली त्यांनी एका फोल्डरमध्ये तशाच ठेवल्यात, शेजारी कृतिदेवची फॉन्ट-फाइल टाकून. त्यातला प्रत्येक लेख वाचून होईपर्यंत मूळ फाइल खोडायची नाही असं त्यांनी सचिवांना लेखी कळवलं आहे.